घड्याळाविना घाटशर्यत : कास्तेल्लार्क्वातो ते वेर्नास्का

चोवीस वर्षं बंद पडलेली शर्यत पुन्हा सुरू करायची आणि सुरू करताना तिच्यातलं वेळ मोजायचं घड्याळच काढून टाकायचं, हा निर्णय कागदावर वेडगळ वाटतो. उत्तर इटलीतल्या पियाचेन्झा जिल्ह्यात १९९६ साली नेमकं हेच घडलं. १९५३ ते १९७२ या काळात कास्तेल्लार्क्वातो गावापासून वेर्नास्का गावापर्यंत मोटारींची डोंगरचढाईची शर्यत होत असे. पियाचेन्झाच्या जुन्या मोटारी-मोटारसायकलींच्या क्लबने तिला 'वेर्नास्का सिल्व्हर फ्लॅग' या नावाने परत आणलं. रस्ता तोच, गाड्या त्याच जमान्यातल्या, त्याही अस्सल शर्यतीच्या, आणि रस्ता वाहतुकीला बंद. फक्त कोण किती मिनिटांत वर पोचला हे कुणी मोजत नाही.

जुन्या गाड्यांचे मेळावे इटलीत पैशाला पासरी आहेत. उन्हाळ्यात कुठल्याही रविवारी कुठल्या ना कुठल्या जुन्या गावाच्या चौकात पाचपन्नास फियाट, लान्चा, व्हेस्पा उभ्या असतात. मालक गाडीशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, दुपारी जेवणं होतात, संध्याकाळी चषक वाटले जातात आणि मंडळी घरी जातात. त्यात वाईट काही नाही, पण अभ्यासण्यासारखंही फारसं नाही. सिल्व्हर फ्लॅगचं प्रकरण वेगळं आहे. शर्यतीची गाडी चौकात उभी करून ठेवली तर ती अर्धीच दिसते, आणि खरोखर पळवली तर गाडी, गाव आणि माणसं तिन्ही धोक्यात येतात. या कात्रीतून क्लबने काढलेली वाट मला तपासून बघावीशी वाटली.

गाव आणि रस्ता

पो नदीचं सपाट मैदान संपून आपेनाइन डोंगरांचे पहिले उंचवटे सुरू होतात, तिथे आर्दा नदीच्या काठी कास्तेल्लार्क्वातो वसलेलं आहे. लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास. टेकडीच्या माथ्यावरच्या एकाच चौकात गावाचा सगळा इतिहास उभा आहे. १११७ च्या भूकंपानंतर ११२२ मध्ये पुन्हा बांधलेलं रोमनेस्क चर्च, १२९३ मध्ये सुरू झालेला पोदेस्ताचा वाडा, म्हणजे त्या काळच्या नगराधिकाऱ्याचं कार्यालय, आणि १३४२ ते १३४९ दरम्यान व्हिस्कोन्ती राजवटीत बांधलेला विटांचा किल्ला. पुच्चिनीच्या ऑपेरांच्या संहिता लिहिणारा लुईजी इल्लिका याच गावचा. भूशास्त्रज्ञांना हे गाव आणखी एका कारणाने माहीत आहे. सुमारे ३६ ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या कालखंडाला पियाचेन्झाच्या नावावरून 'पियाचेन्झियन' म्हणतात, ते इथल्या टेकड्यांमध्ये सापडलेल्या सागरी जीवाश्मांमुळे. इथे कधीकाळी समुद्र होता. गावच्या संग्रहालयात देवमाशांची हाडं ठेवलेली आहेत.

शर्यतीच्या दृष्टीने महत्त्वाचा तो खालचा रस्ता. टेकडीच्या पायथ्यापासून निघून तो आर्देच्या खोऱ्यातून लुगान्यानो गावापर्यंत जवळजवळ सपाट जातो. तिथून पुढे डोंगराला लागतो आणि वळणं घेत घेत वेर्नास्काला पोचतो. एकूण अंतर नऊ किलोमीटरच्या आतबाहेर. कास्तेल्लार्क्वातो समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरवर आणि वेर्नास्का साडेचारशेच्या वर, म्हणजे सगळा चढ उत्तरार्धात साठवलेला. रस्त्याचा हा दुहेरी स्वभाव समजून घ्यायला हवा. पहिल्या भागात ज्याचं इंजिन मोठं त्याची चलती. वळणांच्या भागात हलकी, छोटी, नीट वळणारी गाडी मोठ्यांना पाणी पाजते. म्हणूनच पन्नाशीच्या दशकात अशा शर्यतींत ११०० सीसीच्या पिटुकल्या गाड्यांना मान होता.

या भागाला मोटारींचं वेड नवं नाही. शेजारच्या पार्मा जिल्ह्यातल्या पार्मा ते पोज्जो दि बेर्चेतो या डोंगरचढाईत ५ ऑक्टोबर १९१९ ला एन्झो फेरारी नावाचा एक तरुण ड्रायव्हर म्हणून पहिल्यांदा शर्यतीत उतरला आणि आपल्या वर्गात चौथा आला. पुढे त्याच्या स्वतःच्या नावाची पहिली गाडी, १२५ एस, शर्यतीत उतरली तीही पियाचेन्झा शहरातच, ११ मे १९४७ ला. फ्रांको कोर्तेझे ती चालवत होता. गाडी सर्वांत पुढे असताना इंधनाचा पंप बिघडला आणि ती बाद झाली. दोनच आठवड्यांनी रोममध्ये तीच गाडी जिंकली, पण पियाचेन्झाचे लोक अजूनही आपल्या पंपाचीच गोष्ट आधी सांगतात, असं मी धरून चालतो. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

१९५७ ची सावली

घड्याळ का काढलं हे समजायचं तर मिल्ले मिल्यापासून सुरुवात करावी लागते. ब्रेशिया ते रोम आणि परत ब्रेशिया, हजार रोमन मैलांची ही शर्यत १९२७ पासून चालू होती. ती रस्त्यांवरून, गावांच्या मधून, लोकांच्या दारांसमोरून जायची. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉसने ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत पुरी केली. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरच्या वर. घाट, चौक, रेल्वेची फाटकं असलेल्या रस्त्यावर हा वेग, आणि रस्त्याच्या कडेला दुतर्फा माणसं.

१२ मे १९५७ ला शेवटाजवळ, ग्विदिज्झोलो गावाच्या वाटेवर, आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो स्वतः, त्याचा सोबती एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक मेले. त्या नऊमध्ये पाच मुलं होती. एन्झो फेरारीवर मनुष्यवधाचा खटला चालला. १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. पण शर्यत संपली ती संपलीच. खुल्या रस्त्यांवरून शहरोशहरी धावणाऱ्या वेगशर्यतींचे दिवस इटलीत त्या दुपारी जवळजवळ भरले. मोटारसायकलींचंही तेच झालं. मिलान ते तारांतो ही लांब पल्ल्याची शर्यत १९५६ ची शेवटची ठरली आणि १७५ सीसीपर्यंतच्या छोट्या मोटारसायकलींचा मोतोजीरो १९५७ नंतर थांबला.

डोंगरचढाया मात्र तगल्या, कारण त्यांचं गणित वेगळं होतं. रस्ता छोटा असल्याने तो पूर्ण बंद करता येतो, गाड्या एकेक करून सोडतात, समोरासमोर टक्कर संभवत नाही. कास्तेल्लार्क्वातो ते वेर्नास्का पुढची पंधरा वर्षं चालू राहिली. १९७२ नंतर ती झाली नाही. तोवर चढाईच्या गाड्या कुठल्या कुठे गेल्या होत्या हे लक्षात घेतलं तर आश्चर्य वाटत नाही. १९५३ मध्ये घरच्या फियाटवर पत्र्याचं हलकं अंग चढवून माणूस शर्यतीला येई. १९७० पर्यंत अबार्थसारखे कारखाने फक्त डोंगरासाठी दोन लिटरच्या, पाचसहाशे किलोच्या गाड्या बनवत होते. दगडी कठड्यांमधून जाणारा तोच जिल्हामार्ग आणि त्यावर असली गाडी. माझ्या मते ते फार काळ टिकणारं नव्हतंच.

घड्याळ काढल्याने काय झालं

१९९६ मध्ये क्लबपुढे दोन सरळ रस्ते होते. एक म्हणजे ऐतिहासिक गाड्यांची खरीखुरी वेगशर्यत भरवायची. दुसरा म्हणजे 'रेगोलारिता', नियमिततेची स्पर्धा: ठरलेला टप्पा ठरलेल्या वेळेत पार करायचा, रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळीवरून चाक गेलं की सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंद, आणि लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड. १९७७ पासून पुन्हा होऊ लागलेली मिल्ले मिल्या याच पद्धतीची आहे. क्लबने दोन्ही सोडून तिसरंच केलं. त्यांनी हिला जतन आणि पुनर्बांधणीची 'चालती स्पर्धा' ठरवलं. म्हणजे जे परीक्षक एरवी तळ्याकाठच्या हिरवळीवर उभ्या गाड्यांचे गुण मोजतात, ते इथे रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांचे मोजतात. बक्षीस गाडीच्या अस्सलपणाला आणि देखभालीला, वेगाला नाही.

पहिला फायदा गाडीला. आंतरराष्ट्रीय नियमांखाली ऐतिहासिक शर्यतीत उतरायचं तर गाडीला तांत्रिक पासपोर्ट लागतो, आणि वर्गाप्रमाणे ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पिंजरा, पट्टे, आग विझवायची यंत्रणा, इंधनाची सुरक्षित टाकी असं बरंच काही. माणसाच्या जिवासाठी ते हवंच. पण १९५२ च्या एका ओस्का गाडीत, जिची टाकी मासेराती बंधूंच्या कारखान्यात हाताने ठोकून बनवली, तिच्या सांगाड्याला पिंजरा जोडायला भोकं पाडायची म्हणजे काय, याचा विचार करा. वेळ मोजायची नसेल तर हा प्रश्न बराच सौम्य होतो, आणि संग्रहालयातून सहसा बाहेर न पडणाऱ्या गाड्याही बाहेर पडतात. ज्या माणसाने आपली गाडी तीस वर्षं ताडपत्रीखाली जपली, तो ती शर्यतीला देणार नाही. अशा मेळाव्याला देईल.

दुसरा फायदा गावाला. परवानग्या, विमा, कठडे, रुग्णवाहिका हे सगळं इथेही लागतं, रस्ता बंद करावाच लागतो. पण 'वेगाची स्पर्धा' हा शिक्का नसला की अधिकाऱ्याच्या टेबलावरची फाइल पातळ होते. रस्त्यावरच्या स्पर्धांच्या परवानगीबद्दल इटलीच्या रस्ता संहितेत स्वतंत्र कलम आहे, आणि वेगशर्यत व इतर कार्यक्रम यांत तिथे फरक केला जातो.

तिसरी गोष्ट फायदा म्हणायची की जुगार, हे मला नक्की ठरवता येत नाही. घड्याळ नसलं तरी उजवा पाय असतोच. रस्ता बंद आहे, कडेला लोक टाळ्या वाजवताहेत, पुढच्या वळणावर मित्र कॅमेरा घेऊन उभा आहे. अशा वेळी हळू जा म्हणणं म्हणजे लग्नाच्या वरातीत हळू नाच म्हणण्यासारखं. गाड्या जोरातच जातात. व्यवस्था टेकलेली आहे ती मालकाच्या भीतीवर. गाडी ठोकली तर सुटे भाग मिळणार नाहीत, ते हाताने बनवून घ्यावे लागतील, त्याला दोन वर्षं जातील. ही भीती प्रत्येकाच्या मनात असते आणि ती कुठल्याही पंचापेक्षा कडक असते. शिवाय सेकंदाच्या दहाव्या भागाने हरण्याची शक्यता उरत नाही. वळणावर मरणारे बहुतेक लोक त्या दहाव्या भागापायीच मेलेले आहेत. हे मान्य करूनही मला वाटतं की या एका मुद्द्यावर आयोजकांनी कधीही निर्धास्त राहू नये.

पॅडॉकमधली सकाळ

गाड्यांचा तळ, म्हणजे पॅडॉक, खालच्या वस्तीत असतो, वरच्या मध्ययुगीन चौकात नाही. हे योग्यच आहे. वरच्या गल्ल्या नदीच्या गोट्यांनी बांधलेल्या, अरुंद आणि उताराच्या. शर्यतीच्या गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर असतं आणि तिचा क्लच अशा चढावर घासत घासत चालवण्यासाठी बनलेलाच नसतो. शिवाय जुनं इंजिन तेल गाळतं. आठशे-नऊशे वर्षांच्या चौकातल्या दगडांवर तेलाचे डाग कुणाला हवे आहेत?

जुन्या शर्यतीच्या गाडीचा खरा स्वभाव पॅडॉकमध्येच कळतो. तिचं इंजिन चालू करणं हा एक विधीच आहे. अशा इंजिनाला 'थंड' प्लग लागतात, म्हणजे उष्णता झटकन बाहेर टाकणारे; तसे नसले तर पूर्ण वेगात प्लगचं टोक तापून लाल होईल आणि पिस्टनला भोक पडेल. पण तेच प्लग कमी फेऱ्यांवर पुरेसे तापत नाहीत, त्यांच्यावर काजळी धरते आणि गाडी मिसिंग करू लागते. म्हणून मेकॅनिक आधी 'गरम' प्लग लावतो, इंजिन चालू करतो, पाणी आणि तेल तापेपर्यंत हलकी हलकी रेस देत राहतो, मग इंजिन बंद करून सगळे प्लग काढतो आणि थंड प्लग बसवतो. चार सिलिंडरला चार. बारा सिलिंडरला बारा, तेही एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांच्या बेचक्यात बोटं घालून. हातावर जुन्या भाजल्याचे डाग असलेला माणूस दिसला की तो मालक नसून मेकॅनिक आहे असं बेलाशक समजावं.

आणि वास. काही मालक अजूनही एरंडेलाचं तेल इंजिनात घालतात, त्या काळी घालत तसंच. एरंडेल तापमान चढलं तरी धातूला चिकटून राहतं, म्हणून शर्यतीच्या इंजिनांचं ते लाडकं तेल होतं. दोष असा की ते खनिज तेलात मिसळत नाही, ठेवून दिलं की डिंकासारखं घट्ट होतं, आणि मोसम संपला की इंजिनातून काढून टाकावं लागतं. पण जळल्यावर जो गोडसर, जड वास सुटतो तो एकदा नाकात गेला की विसरत नाही. लहानपणी नाक दाबून एरंडेल प्यायलेल्या मराठी माणसाला त्या वासाचं कौतुक वाटायला जरा वेळ लागतो, एवढंच.

मग रांग पुढे सरकते आणि नवी अडचण येते. या गाड्यांना रेडिएटरपुढे पंखा नसतो; वेगाने जाताना येणारा वाराच त्यांना थंड ठेवतो. रांगेत दहा मिनिटं उभं राहिलं की पाणी उकळायला लागतं आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. म्हणून अनुभवी माणूस इंजिन बंद करून गाडी हाताने ढकलत नेतो आणि सुरुवातीच्या रेषेजवळ धक्का मारून चालू करतो. अशा मेळाव्यात वेळापत्रक पाळणं ही बाहेरच्याला किरकोळ वाटणारी गोष्ट असते. खरं तर रांगेतला प्रत्येक जादा मिनिट कुठल्या तरी गाडीच्या जिवावर येतो. आयोजक किती कसलेला आहे हे मला बक्षिसांपेक्षा या रांगेवरून कळतं.

चढताना ब्रेकचा फारसा प्रश्न नसतो. उतरताना येतो. गाड्या वर वेर्नास्काला गोळा होतात आणि त्याच रस्त्याने खाली यायचं असतं. ड्रम ब्रेक तापला की ड्रम फुगतो, पट्ट्यांची पकड कमी होते आणि पायाखालचं पेडल खोल जातं. तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधारावर, शांतपणे उतरायचं. आपल्याकडे जुन्या बोरघाटात ट्रकवाले हेच करत आले आहेत.

ओळखीचं इंजिन

या चढावर येणाऱ्या गाड्यांत फेरारी-मासेराती असतातच, पण माझा जीव अडकतो तो छोट्यांत. १९५८ मध्ये काउंट जोव्हान्नी लुरानी यांच्या कल्पनेतून 'फॉर्म्युला ज्युनिअर' हा वर्ग आंतरराष्ट्रीय झाला. नियम साधा: रोजच्या गाडीचं इंजिन घ्या, त्यावर एकट्याची शर्यतगाडी बांधा, १००० सीसीला किमान वजन ३६० किलो, ११०० ला ४०० किलो. मोदेनाच्या स्तांग्वेल्लिनीने जी फॉर्म्युला ज्युनिअर बांधली तिच्यात फियाट ११०० चं इंजिन होतं. हेच ते 'मिल्लेचेन्तो' घराणं, जे मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात आधी 'डुक्कर फियाट' म्हणून जोडलं गेलं आणि पुढे पद्मिनी होऊन २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत काळीपिवळी टॅक्सी म्हणून धावलं. गिरगावातून ज्या इंजिनाने आपल्याला दादर स्टेशनवर सोडलं, त्याच रक्ताचं भावंड आपेनाइनच्या वळणावर साडेसात हजार फेऱ्यांवर किंचाळत जातं. फियाट दुरुस्त करून हात काळे केलेल्या कुठल्याही मराठी मेकॅनिकला तिथे उभं केलं तर दोन मिनिटांत तो बॉनेटमध्ये डोकं घालील आणि भाषेची अडचण येणार नाही.

रंग खरवडायचा की नाही

घड्याळ गेल्यावर परीक्षकांपुढे जो प्रश्न उरतो तो सोपा नाही. कुणाची गाडी 'जास्त चांगली'? चकचकीत नव्या रंगाची, प्रत्येक खिळा नवा असलेली? की १९५६ च्या शर्यतीत हाताने रंगवलेला क्रमांक अजून अंगावर असलेली, सीटचं कातडं फाटलेली? पूर्वी पहिलीला गुण मिळत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पारडं फिरलं आहे. जुन्या गाड्यांचा जागतिक महासंघ फिवाने २०१२ मध्ये 'तोरिनो सनद' स्वीकारली. इमारतींसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढे होता. जुनं असेल तेवढं टिकवा, बदलायचं झालं तर कमीत कमी बदला, आणि बदललेलं ओळखू येईल असं ठेवा, असा तिचा साधारण सूर आहे.

शर्यतीच्या गाडीला हे जसंच्या तसं लागू करता येत नाही. तिचं आयुष्यच बदलांचं होतं. एका मोसमात इंजिन बदललं, दुसऱ्यात पुढचं अंग ठोकून नवं बसवलं, तिसऱ्या मालकाने चेसिस कापला. मग 'मूळ' कुठलं? कारखान्यातून निघालेलं की शेवटच्या शर्यतीला उतरलेलं? माझं मत शेवटच्या शर्यतीच्या बाजूने आहे, पण विरुद्ध बाजूनेही शहाणी माणसं आहेत. आणि एक उपद्रवी वर्गही आहे: एका खऱ्या चेसिसचे दोन तुकडे करून दोन 'अस्सल' गाड्या तयार करणारा. चालत्या स्पर्धेत हे लबाड लवकर उघडे पडतात असा माझा समज आहे. उभी गाडी कागदपत्रांच्या आधारे खपून जाते. चढावर तिचा आवाज आणि वळतानाचं वागणं जुन्या जाणत्यांच्या कानांतून आणि डोळ्यांतून सुटत नाही.

कागद

इटलीत या छंदाला सरकारी चौकट आहे आणि ती समजल्याशिवाय हे प्रकरण अर्धवट राहतं. १९९२ च्या रस्ता संहितेतलं कलम ६० दोन वर्ग करतं. 'देपोका' म्हणजे नोंदणीतून काढलेली, संग्रहासाठी ठेवलेली गाडी. ती परवानगी असलेल्या मेळाव्यात, ठरलेल्या मार्गावरच रस्त्यावर येऊ शकते. दुसरा वर्ग 'ऐतिहासिक व संग्राह्य' गाड्यांचा, ज्यांची नोंद ठरावीक नोंदवह्यांत असते: १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना आझी, फियाट, लान्चा व आल्फा रोमेओ यांच्या वह्या, आणि मोटारसायकलींसाठी मोटारसायकल महासंघाची. तीस वर्षं उलटलेल्या गाडीला वार्षिक कर माफ. रस्त्यावर आणली तर नाममात्र ठोक रक्कम. वीस ते एकोणतीस वर्षांच्या, प्रमाणपत्र असलेल्या गाडीला २०१९ पासून निम्मा कर.

आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिन्टेज गाड्यांसाठी नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी, 'व्हीए' मालिकेचा क्रमांक, नोंदणीला वीस हजार रुपये. मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे इटलीच्या पहिल्या वर्गाच्या जवळपास. दुसरा, सैल वर्ग आपल्याकडे नाही. त्यामुळे तीस-पस्तीस वर्षांची, रोज वापरली तर चालेल अशी नीट राखलेली गाडी आपल्या कायद्याच्या दृष्टीने नुसतीच जुनी ठरते.

मेळावा जूनमध्ये असतो हेही सोयीचं आहे. पो खोऱ्याची हवा युरोपातल्या वाईट हवांपैकी. थंडीत तिथे धुरकं साचतं आणि जुन्या गाड्यांवर शहरांत बंधनं येतात. उन्हाळ्यात, डोंगराच्या कुशीत, तो तंटा टळतो. कायमचा टळेल असं मात्र नाही.

हिशेब

गावाला काय मिळतं? एक शनिवार-रविवार दोनशेच्या आसपास गाड्या, त्यांचे मालक, मेकॅनिक, कुटुंबं, आणि रस्त्याच्या कडेने उभे राहणारे लोक. खानावळी भरतात, गुत्तुर्नियो वाइनच्या बाटल्या खपतात, कोप्पाच्या, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या, चकत्या कापून कापून दुकानदाराचे हात दुखतात. पण हे दोन दिवसांचं आहे. कास्तेल्लार्क्वातो वर्षभर पर्यटकांनी गजबजतं ते किल्ल्यासाठी आणि चौकासाठी. खरा फरक पडतो तो वेर्नास्काला. दोन हजार वस्तीचं ते डोंगरी गाव, एरवी कुणी मुद्दाम चढून जावं असं नाही. आज जगभरच्या जुन्या गाड्यांच्या वर्तुळात त्याचं नाव आहे, कारण नाव शेवटच्या टप्प्याचं घेतलं गेलं, सुरुवातीच्या सुंदर गावाचं नाही. हा निर्णय मुद्दाम घेतला की जुन्या नावातून ओघाने आला, परिणाम तोच.

त्रासही आहे. खोऱ्याचा मुख्य रस्ता बंद म्हणजे लुगान्यानोच्या माणसाला त्या दिवशी आपल्या घरून बाहेर पडायचं तर वेळापत्रक बघावं लागतं. सायलेन्सर नसलेल्या इंजिनाचा आवाज सगळ्यांच्याच कानाला गोड लागत नाही. वर्षातून एकदाच होतं म्हणून चालतं. चांगलं चाललंय तर वर्षातून दोनदा करू, हा मोह क्लबने आवरला, हे मी त्यांच्या शहाणपणाचं मोठं लक्षण मानतो.

मोटारसायकलींच्या बाबतीत इटलीने वेगळी वाट धरली आहे. मिलान-तारांतो १९८७ पासून आणि मोतोजीरो २००१ पासून पुन्हा होतात, पण त्या कित्येक दिवस चालणाऱ्या, गावोगाव थांबणाऱ्या फेऱ्या आहेत. १९५५ ची १०० सीसीची दुकाती घेऊन साठीचा गृहस्थ रोज दोन-तीनशे किलोमीटर चालवतो आणि संध्याकाळी कुठल्या तरी चौकात कार्बोरेटर उघडून बसतो. मोटारसायकलीला ते शोभतं. ती रस्त्यात बंद पडली तर ढकलता येते. शर्यतीच्या मोटारीला नऊ किलोमीटर पुरतात.

आता पुढची अडचण. या मेळाव्याची सीमारेषा जुन्या शर्यतीच्या शेवटाशी, म्हणजे सत्तरीच्या सुरुवातीशी, बांधलेली आहे. ज्यांनी त्या शर्यती डोळ्यांनी पाहिल्या ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. चाळिशीतल्या माणसाच्या लहानपणी भिंतीवर जे पोस्टर होतं ते ऐंशीच्या दशकातल्या रॅलीच्या लान्चाचं, १९५४ च्या ओस्काचं नाही. रेषा पुढे ओढली तर तरुण येतील, प्रायोजक येतील. पण त्या गाड्यांची ताकद आणि पकड या रस्त्याला झेपणारी नाही, आणि मालकाची भीती जिथे कमी पडते तिथे घड्याळ नसूनही उपयोग नाही. चारशे अश्वशक्तीची, चारही चाकांनी ओढणारी गाडी वळणावर चुकली तर ती दगडी कठड्यापाशी थांबणार नाही. माझ्या मते रेषा होती तिथेच ठेवावी आणि तरुणांना आणायचं तर ते प्लग बदलायला आणावं. गरम प्लग काढून थंड बसवणारे हात आज पॅडॉकमध्ये बहुतेक पांढऱ्या केसांचे असतात, आणि गाड्यांपेक्षा ते आधी संपतील.